वेळ नव्हे, झोप वाचवा

नोकरी आणि दोन लहान मुलं सांभाळून गोव्याची हाफ आयर्नमॅन, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं सलग करायची रेस, जमेल का असं विचारलंय तुम्ही, तर जमेल, पण घरच्यांशी आधी नीट बोला. १.९ किमी समुद्रात पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी पळणं, आणि हे सगळं साडेआठ तासांत. मी पुण्यात राहतो, पहाटे पाच ते साडेसहा एवढीच वेळ माझी, मुलं उठायच्या आत घरी, डबे मीच भरतो. रविवारची लांब राईड बायकोशी ठरवूनच, आणि त्या दिवशी दुपारनंतर मी पूर्ण घरचा, फोन पण बाजूला. बोपदेव घाट चढून सासवडला जाऊन परत यायचं आणि सायकल ठेवली की लगेच शूज बदलून वीस मिनिटं पळायचं, पाय अक्षरशः लाकडासारखे होतात पहिले दहा मिनिटं, पण त्याची सवय रेसच्या आधीच व्हायला हवी.

या चर्चेत वर कुणीतरी झोप कमी करून वेळ काढा म्हटलंय ते मला अजिबात पटत नाही. मी दोन महिने पाच तास झोपून बघितलं, गुडघा धरला आणि मुलांवर चिडचिड व्हायला लागली, त्याचं फार वाईट वाटलं. आता रात्री साडेनऊला दिवे बंद.

अजून एक, फक्त स्विमिंग पूलमध्ये पोहून जाऊ नका, भिंतही नसते आणि खालची रेघही दिसत नाही समुद्रात, डोकं वर काढून दिशा बघत पोहायची प्रॅक्टिस करा. एकट्याने मात्र उतरू नका, सोबत कुणीतरी हवंच.