उबंटू २४.०४ वर अपग्रेड केल्यानंतर संगणक सुरूच होत नाही. फॉरमॅट टाळता येईल का?

प्रश्न (सिव्हिल लाइन्स, नागपूर)

नमस्कार. न्यायालयाच्या परिसराजवळ माझे टंकलेखन व डीटीपीचे दुकान आहे. वकिलांची प्रतिज्ञापत्रे आणि याचिकांचे मसुदे ज्या संगणकावर तयार होतात, त्यावरील उबंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम काल रात्री २२.०४ वरून २४.०४ वर अपग्रेड केले. त्यानंतर संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर ‘कर्नल पॅनिक’ आणि ‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)’ अशा ओळी येऊन सर्व काही थांबते. डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे, पण पासवर्ड विचारलाच जात नाही. बायोसमध्ये एसएसडी दिसते. दुरुस्ती करणाऱ्याने डिस्क खराब झाल्याचे सांगून फॉरमॅट सुचवले आहे. सोमवारी दाखल व्हायचे काही मसुदे केवळ याच संगणकावर आहेत. काय करावे?

उत्तर (धरमपेठ)

कृपया फॉरमॅट करू नका. या संदेशात डिस्कचा उल्लेख असला, तरी आपल्या वर्णनावरून दोष डिस्कचा वाटत नाही. एन्क्रिप्ट केलेली डिस्क उघडण्याची सामग्री ‘इनिट्रॅमएफएस’ नावाच्या फाइलमध्ये असते आणि पासवर्डही तिथूनच विचारला जातो. तो विचारला जात नाही, याचा अर्थ नव्या ६.८ कर्नलसाठी (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) ती फाइल तयारच झाली नसावी. एन्क्रिप्टेड मांडणीत ‘बूट’ हा वेगळा आणि लहान विभाग असतो, त्यात जुने कर्नल साठत गेले की अपग्रेडच्या वेळी कर्नल कसाबसा मावतो आणि ही मोठी फाइल लिहिताना जागा संपते.

संगणक सुरू करताना कंपनीचा लोगो गेल्याबरोबर एस्केप कळ एकदाच दाबा (वारंवार दाबल्यास मेनूऐवजी ग्रबची, म्हणजे उबंटू सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची, कमांड लाइन उघडते, जुन्या पद्धतीच्या बायोसवर त्याऐवजी शिफ्ट दाबून धरावी लागते). मेनूतील ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ५.१५ ने सुरू होणारा कर्नल निवडा. त्याने पासवर्ड विचारला, तर आपले मसुदे सुरक्षित आहेत असे समजायला हरकत नाही. आत गेल्यावर दुसरे काहीही करण्यापूर्वी ते पेनड्राइव्हवर घ्या; दुरुस्ती त्यानंतर.

‘बूट’ भरलेला आढळल्यास सर्वांत जुना कर्नल पॅकेजेस बसवणाऱ्या-काढणाऱ्या अ‍ॅप्टमार्फत काढा, पण सध्या चालू असलेल्या कर्नलला हात लावू नका. फाइली हाताने पुसणे मला योग्य वाटत नाही, कारण पॅकेजच्या नोंदी तशाच राहतात आणि पुढच्या अपडेटला तोच गोंधळ होतो. जागा झाली की पॅकेजेस प्रत्यक्ष बसवणाऱ्या डीपीकेजीला अर्धवट राहिलेली पॅकेजेस पूर्ण करायला सांगा, ६.८ साठी इनिट्रॅमएफएस नव्याने तयार करा आणि शेवटी ग्रब अद्ययावत करा.

उत्तर (धंतोली)

जुन्या कर्नलनेही काम झाले नाही, तर उबंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (म्हणजे ज्यावरून उबंटू थेट चालते त्या पेनड्राइव्हवरून) संगणक सुरू करून, पासवर्ड देऊन डिस्क उघडता येते आणि फाइली घेता येतात. तिथूनच दुरुस्ती करायची असल्यास मूळ विभागासोबत ‘बूट’ आणि ईएफआय (संगणक सुरू करणाऱ्या फाइलींचा) विभागही जोडून मगच सीएचरूट करावे, म्हणजे डिस्कवरील उबंटूमध्ये शिरावे. ‘बूट’ जोडायचे राहिले, तर नवी फाइल भलत्याच ठिकाणी लिहिली जाते आणि संगणक पुन्हा त्याच ओळीवर थांबतो. माझ्याकडे तयार पेनड्राइव्ह आहे, हवा असल्यास संध्याकाळी घेऊन जावा. उन्हाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे हे काम यूपीएस जोडूनच करावे.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. ५.१५ कर्नल निवडताच पासवर्डची चौकट आली आणि सर्व मसुदे जागेवर मिळाले. ‘बूट’ विभाग शंभर टक्के भरलेला होता आणि त्यात ६.८ चा कर्नल असूनही त्याची इनिट्रॅमएफएस फाइल नव्हती. दोन जुने कर्नल काढून सांगितलेल्या क्रमाने पुढील काम केले. आता संगणक ६.८ वर सुरू होत आहे. पेनड्राइव्हची गरज पडली नाही. ५.१५ चा एक कर्नल तूर्त ठेवला आहे, तो केव्हा काढावा?

उत्तर (धरमपेठ)

प्रिंटर आणि स्कॅनर नव्या कर्नलवर नीट चालतात हे दुकानाच्या रोजच्या कामात तपासून घ्या, मगच काढा.