मदत हवी आहे: वाड्याला 'धोकादायक'ची नोटीस आली, दुरुस्ती कोणी करायची?

माडीवरचा

नमस्कार मंडळी,

जुन्या नाशकात तिवंध्याजवळ एका वाड्यात आम्ही भाडेकरू आहोत, आजोबांपासून. माडीवरच्या दोन खोल्या, भाडं महिना १४० रुपये. दर वर्षी मे संपता संपता महापालिकेचा माणूस दिंडी दरवाजाला नोटीस चिकटवून जातो आणि पहिल्या पावसात ती धुऊन जाते. यंदा मात्र नोटीस थेट आईच्या हातात दिली, सही घेतली. वर 'मालक / भोगवटादार' असं दोन्ही लिहिलंय. भोगवटादार म्हणजे जागेत राहणारे, म्हणजे आम्हीपण?

छत धाब्याचं आहे, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट. आजोबा होते तोवर पावसाआधी नवी पांढरी माती पडायची, चोपणं व्हायचं, परनाळ साफ व्हायची. पुढे दर वर्षीची कटकट नको म्हणून मालकांनी मातीवरच सिमेंटचा कोबा करून घेतला. तेव्हापासून पाणी शिरतं एकीकडून आणि टपकतं भलतीकडेच. मागच्या रविवारी मधल्या तुळईचं भिंतीत गेलेलं टोक बघितलं. सहज म्हणून स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर मुठीपर्यंत आत गेला. लाकूड कसलं, ओला भुसा नुसता. त्या तुळईच्या बरोबर खाली आईची गॅसची शेगडी आहे.

मूळ मालक वारले. चार वारस, त्यातल्या दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. पुण्याचे काका तेवढे फोन उचलतात. म्हणाले, "अरे, तुझ्या वर्षाच्या भाड्यात गवंडी दोन दिवस आला तर तिसऱ्या दिवशी येत नाही. मी कुठून आणू?" राग आला, पण हिशेब केला तर चूकही म्हणता येईना.

दुरुस्ती कायद्याने कोणाची? आम्ही पैसे घातले तर भाड्यातून वळते करता येतात का? आणि पावसाळ्यापुरतं बाहेर राहिलो तर हक्क जातो का? आई ७४ वर्षांची आहे. तिचं एकच म्हणणं, "एकदा कडी लावून निघालो की परत आत घेणार नाहीत." 'सरळ फ्लॅट घ्या' असं कृपया सांगू नका. तो सल्ला घरात रोज मिळतो.

पंचवटीकर_ताई

आधी ती शेगडी तुळईखालून हलवा. आज. मग पुढचे प्रतिसाद वाचा.

तारीख_पे_तारीख

वकिली सोडून बरीच वर्षं झाली, पण भाड्याच्या दाव्यांत अर्धं आयुष्य गेलं म्हणून लिहितो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १४. वेगळा करार नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. तुम्ही किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायची. त्यानंतरही वाजवी वेळेत त्यांनी काही केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. सगळे भाडेकरू मिळूनही करू शकतात.

आता खोच ऐका. एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. तुमचं वर्षाचं भाडं १,६८० रुपये, म्हणजे वळते होणार ४२०. तेवढ्यात बरी ताडपत्रीसुद्धा येत नाही. तरीही नोटीस द्याच, कारण पुढे कोर्टात 'आम्हाला कोणी सांगितलंच नाही' हे वाक्य हमखास येतं. चौघांना वेगवेगळी, स्पीड पोस्टाने, पोच घेऊन. पुण्याच्या काकांना कळवलं म्हणजे सगळ्यांना कळवलं, असं धरू नका.

महापालिकेचं प्रकरण वेगळं. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली आयुक्त मालक किंवा भोगवटादार, कोणालाही इमारत पाडायला, सावरायला किंवा दुरुस्त करायला सांगू शकतात. म्हणून तुमचंही नाव. खर्च शेवटी कोणाचा, हा मालक आणि तुमच्यातला वाद. इमारत कोणाच्या डोक्यावर पडेल एवढंच महापालिका बघते.

आईंच्या भीतीबद्दल. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की महापालिकेने इमारत पाडली तरी भाडेकरूपण संपत नाही, कारण भाड्यात खालची जमीनही येते. पण तो हक्क कागदावर सिद्ध करता आला पाहिजे. बाहेर पडण्याआधी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात अर्ज करा, खोल्यांचं मोजमाप करून चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापराची जागा) लिहून मागा, फोटो काढा. आणि भाडं एक महिनाही चुकवू नका. घेत नसतील तर मनीऑर्डर.

माती_चुना

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, जुन्या बांधकामांची कामं करतो.

कोब्यानेच घात केलाय. पांढऱ्या मातीचं छत भिजतं आणि वाळतं. वरून सिमेंट घातलं की वजन वाढतं, आणि भेगेतून शिरलेलं पाणी खालच्या मातीत अडकून बसतं. ते हळूहळू तुळईच्या टोकाशी जातं. भिंतीत दडलेल्या टोकाला वारा लागत नाही, म्हणून तुळई मधोमध ठणठणीत आणि टोकाला कुजलेली असते. हातोडीने ठोकून बघा, आवाज बदलतो ते कळेल.

टेकू लावायचा तर सेंट्रिंगवाल्याकडून लोखंडी जॅक भाड्याने मिळतात, पण माडीच्या फरशीवर जॅक उभा केला की भार खालच्या तुळयांवर जातो. खाली, त्याच रेषेत, जोत्यापर्यंत टेकू हवा. म्हणजे खालच्या भाडेकरूच्या स्वयंपाकघरात खांब येणार. त्यांच्याशी आधी बोला. यावरून भांडणं झालेली पाहिली आहेत.

नोटिशीवर वर्ग लिहिलाय का बघा. सी-१ असेल तर रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे आत राहून दुरुस्ती, सी-३ किरकोळ. सी-१ असेल तर टेकूबिकू विसरा, बाहेर पडा. शिवाय ३० वर्षांवरच्या इमारतीची महापालिकेकडे नोंद असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून दाखला द्यायचा असतो, तेही मालक किंवा भोगवटादारानेच.

अर्धा_वाडा

मी पलीकडच्या बाजूचा, म्हणजे वाडामालक. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय.

आमच्याकडे सात भाडेकरू. सगळ्यांचं वर्षाचं भाडं एकत्र केलं तरी घरपट्टी भागत नाही. कायद्याने भाडं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं. १४० वर ४ टक्के म्हणजे ५ रुपये ६० पैसे. ते मागायला जिना चढावासा वाटत नाही. मोठी दुरुस्ती करायची म्हटलं की भावांच्या सह्या हव्यात, आणि त्या कधीच एका कागदावर येत नाहीत.

वाडा पडायची वाट बघणारे मालक आहेत, नाही म्हणत नाही. पण २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत भाडेकरू असलेल्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासासाठी वाढीव एफएसआयची, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकामाची, सोय आहे. वारसांना एकत्र बसवायला हे एकच आमिष चालतं. आमच्या गल्लीत मात्र रिक्षासुद्धा वळत नाही, मग बिल्डर कुठला वळतो.

माडीवरचा

सगळ्यांचे आभार. शेगडी त्याच रात्री हलवली. (ताई, आईने तुमचं नाव विचारलंय.)

नोटिशीवर सी-२ए आहे. अर्ज दिला, मोजमापाला माणूस येऊन गेला. आईने बिस्किटाच्या डब्यातून आजोबांच्या काळापासूनच्या पावत्या काढल्या, त्यातली पहिली नऊ रुपयांची निघाली. जून ते सप्टेंबर इंदिरानगरला बहिणीकडे जायला ती तयार झालीय, अट एवढीच की कुलूप आमचं आणि किल्ली तिच्या कमरेला. खालच्या काकूंनी टेकूला होकार दिला. रविवारी जॅक येतायत, 'माती_चुना' यांनी सांगितल्याप्रमाणे जोत्यापासून.

आता एकच अडलंय. चार नोटिसा पाठवल्या. दोन पोचल्या, एकीवर 'घेण्यास नकार' असा शेरा आला आणि मुलुंडची 'पत्त्यावर राहत नाही' म्हणून परत आली. नकार म्हणजे मिळाली असंच धरायचं ना? आणि मुलुंडच्यांचा नवीन पत्ता तर पुण्याचे काकाही देत नाहीत. १५ दिवस कुठल्या तारखेपासून मोजू?