मदत हवी आहे: ऑनलाइन गणित शिकवायला टॅब, आयपॅड घेऊ की सॅमसंग?

नमस्कार मंडळी, लांबण लागणार आहे, पण थोडक्यात विचारलं की सगळे "बजेट किती" एवढंच विचारतात म्हणून सगळंच सांगून टाकते.

मी दहावीच्या पोरांना गणित शिकवते, घरीच, विट्यात. संध्याकाळची सहाची बॅच समोर बसून आणि आठची गूगल मीटवर, ती आजूबाजूच्या खेड्यातली पोरं, रात्री परत जायला एसटी मिळत नाही म्हणून. लॉकडाऊनमध्ये एक टॅब घेतला होता, कंपनी जाऊ दे, १० इंची, ३ जीबी रॅम, पेनबिन काही नाही. त्यावर रबरी टोकाचं दीडशे रुपयांचं पेन घेऊन आत्तापर्यंत दिवस काढले. बीजगणित चालून जातं, भूमितीला वाट लागते. परवा वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढत होते, तळहात काचेला टेकला आणि अख्खं पान झूम होऊन वर्तुळ गायब, रेघ भलतीकडेच. एक कार्टं म्हणतं, "मॅडम, स्पर्शिका स्पर्शच करत नाहीये." आता हसू येतंय, तेव्हा नाही आलं. म्हणून हात अधांतरी धरून लिहायची सवय लागलीये, तासाभरात खांदा भरून येतो. मध्ये नवऱ्याचा जुना मोजा कापून दुहेरी करून हातात घालून बघितला, बऱ्यापैकी चालला पण पोरांनी कॅमेऱ्यात बघितला आणि मग झालंच.

दुसरं म्हणजे मीट चालू, बालभारतीची पीडीएफ उघडी आणि वहीचं ॲप, तिन्ही एकदम म्हटलं की तो गुदमरतो, पीडीएफवर परत गेलं की पुन्हा पहिल्या पानापासून.

तरी टॅब वाईट आहे असं मी म्हणणार नाही हां. आठ वाजता लाईट जाणं आमच्याकडे नवीन नाही, राउटर बंद पडतो, मी मोबाईलचा हॉटस्पॉट लावून शिकवत राहते, पोरांना पत्ताही लागत नाही. आणि पुस्तकाच्या पानावरच आकृतीत कोन रंगवून दाखवता येतो, ते फळ्यावर कधी जमलं नसतं. म्हणून टॅबच हवाय, पण यावेळी पेनाचा.

बघून ठेवलेले दोन:

आयपॅड, ए१६ चिपवाला, मार्च २०२५ ला आला तेव्हा १२८ जीबी वायफाय ३४,९०० ला होता. पेन वेगळं, यूएसबी सी वालं ७,९००. म्हणजे गेला ४२ हजारांच्या वर आणि कव्हर अजून घ्यायचंच आहे.

सॅमसंग टॅब एस९ एफई, ऑक्टोबर २०२३ चा, तेव्हा ३६,९९९ होता, सेलमध्ये खाली येतो. पेन बॉक्समध्येच. मेमरी कार्ड टाकता येतं. पाण्याधुळीला आयपी६८, म्हणजे चहा सांडला तरी लगेच रडायला नको (आमच्याकडे सांडतोच).

माझं बजेट ३५ हजारांपर्यंत आहे. पोरगा म्हणतो आयपॅड घे, डोळे झाकून. डोळे झाकून काही घ्यायची माझी तयारी नाही. रोज दोन तास लिहिणारं कोणी असेल तर सांगा प्लीज.

प्रतिसाद

ताई, तुमचा निम्मा त्रास टॅबचा नाहीच, रबरी पेनाचा आहे. ते पेन म्हणजे टॅबच्या लेखी बोटच, त्यामुळे तळहात आणि पेन यातला फरक त्याला कळतच नाही. सॅमसंगच्या पेनासाठी (एस पेन) काचेखाली वेगळी जाळी असते, पेन जवळ आलं की टॅब हाताकडे दुर्लक्ष करतो. एफईच्या पेनात बॅटरी नाही, चार्ज करायची भानगडच नाही. ॲपलच्या पेनचंही हात टेकायचं काम चोख आहे, फक्त ते चार्ज करावं लागतं. मोजा मात्र जपून ठेवा.

प्रतिसाद

मी साधाच आयपॅड वापरतो, भौतिकशास्त्र शिकवतो. वेगाबद्दल तक्रार शून्य, ए१६ तर माझ्यापेक्षा पुढचा आहे, आणि ॲप नुसती पळतात. पण एक सांगतो जे दुकानदार सांगणार नाही, साध्या आयपॅडची (ए१६ पण त्यातलाच) काच आणि खालचा डिस्प्ले चिकटवलेला नसतो, मध्ये बारीक फट असते, त्यामुळे टोक एकीकडे आणि शाई जराशी खाली उमटल्यासारखी वाटते. मोठं लिहिताना जाणवत नाही. घातांक आणि वर्गमुळातला बारीक आकडा लिहिताना जाणवतं. सवय होते म्हणा. त्या ७,९०० वाल्या पेनला दाब कळत नाही, जोरात दाबलं तरी रेघ तेवढीच, पण चित्रकार नसाल तर काय फरक पडतो.

प्रतिसाद

एवढे पैसे कशाला घालवताय? लॅपटॉपला जोडायचा बिनस्क्रीनचा पेन टॅबलेट तीन-चार हजारांपासून मिळतो. हात टेबलावर आणि नजर स्क्रीनवर, पहिले दहा-पंधरा दिवस अक्षर पहिलीतल्या पोरासारखं येईल, मग बसतं. नाहीतर मोबाईल स्टँडला उलटा टांगा आणि सरळ वहीवर लिहा.

प्रतिसाद (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार, जाळीचं मला खरंच माहीत नव्हतं, मी उगाच टॅबला शिव्या घालत होते.

@पेन टॅबलेट, आयडिया भारी आहे पण लॅपटॉप पोराबरोबर हॉस्टेलला गेलाय. मोबाईल टांगून केलं होतं महिनाभर, हाताची सावली बरोबर आकृतीवरच पडते आणि शिकवताना नणंदेचा फोन आला की कॅमेरा बंद.

फटीचं वाचून आयपॅडवरचं मन थोडं उडालंय, शिवाय पेन धरून बजेटबाहेर जातोच. एफई चं मन होतंय. रविवारी सांगलीला जाणार आहे, दुकानात दोन्हीवर वर्तुळ, स्पर्शिका आणि वर्गमुळात तीन आकडी संख्या लिहून बघेन, दुकानदार वैतागला तर वैतागला.

एकच राहिलं: एफई ६ जीबी रॅमवाला घेतला तर मीटवर स्क्रीन शेअर चालू असताना बाजूला २०० पानी पीडीएफ नीट उघडी राहते का? रोज असं करणारं कोणी असेल तर शनिवारपर्यंत सांगा.