मुलीची पाळी थांबलीय, हाडं-दातांसाठी कुठलं कॅल्शियम द्यावं?

पायवाट: लेक १५ वर्षांची, लांब पल्ल्याचं धावते. पाळी तेराव्या वर्षी आली, नीट चालू होती, आता ५ महिने नाही. गेल्या महिन्यात नडगीत बारीक फ्रॅक्चर निघालं; जिना उतरताना अजून कठडा घट्ट धरते. दात किडतायत, अक्कलदाढांचा पत्ता नाही. सुईला फार घाबरते, तेव्हा रक्त न काढता जमेल तेवढंच सुचवा.

नीलमोहर: आम्ही चघळायच्या गोळ्या आणल्या, पोट धरलं. मग पावडर सुरू केली, पोरगी दोन बोटं उंच झाली. पावडरच घ्या.

जुनीखोड: या वयात पाळी मागेपुढे होतेच. मला वर्षभर आली नव्हती, आज ठणठणीत आहे.

दाढदुखी: मी दंतवैद्य आहे. अक्कलदाढा साधारण १७ ते २१ मध्ये येतात, त्यांची काळजी सोडा. किडलेला दात कॅल्शियमच्या गोळीने भरत नाही. दात आतल्या बाजूने झिजलेत का बघा. वारंवार उलट्या काढणाऱ्या मुलींचे तसे झिजतात.

जुनीखोड: बाळंतपणात दात जातो म्हणतात, ते काय उगाच?

दाढदुखी: हो, उगाच. शरीर कॅल्शियम हाडांतून काढतं, दातांतून नाही.

क्षितिज: ताई, सुरू झालेली पाळी ३ महिने थांबली की तपासायचंच. खाणं धावण्याला पुरेनासं झालं की मेंदू अंडाशयाला द्यायचे इशारे कमी करतो, इस्ट्रोजेन हे हाडं जपणारं हॉर्मोन घटतं आणि हाड भरायच्या वयात भरत नाही. हाडांचा सुमारे ९०% साठा अठराव्या वर्षापर्यंत होतो. माझ्या मुलीला पाळी आणायच्या गोळ्या दिल्या. दर महिन्याला रक्तस्राव होई, आम्ही निर्धास्त. वर्षाने पाहिलं तर हाडांची घनता होती तिथेच. आधी गर्भधारणा चाचणी आणि रक्तातल्या हॉर्मोनच्या तपासण्या (थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच) करा. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन, तोही कराच, पण त्यात झेड-स्कोअर (त्याच वयाच्या मुलींशी तुलना) बघा, टी-स्कोअर (तरुण प्रौढांशी तुलना) मोठ्या बायकांसाठी असतो. कॅल्शियम रोज १३०० मिग्रॅ लागतं, शक्यतो आहारातूनच.

सायसाखर: नीलमोहर म्हणतात तेच. पावडर.

पायवाट: काल रात्री तिच्याजवळ बसले. दुपारचं जेवण टाळते, हे तिनेच रडत रडत सांगितलं. उलट्या नाहीत म्हणाली. डॉक्टर सांगेपर्यंत धावणं बंद. पावडर आणत नाही, आणि डेक्सा डॉक्टर म्हणाले तरच. सोमवारी रक्त द्यायला तयार झालीय, मी हात धरून बसायचं या अटीवर.