थॉम्पसनचं रिपोर्टिंग नुसती टवाळी नव्हती
हंटर थॉम्पसन हा अमेरिकन पत्रकार म्हणजे नुसती टवाळी असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटलं नाही. १९७२ ला रोलिंग स्टोन मॅगझिनसाठी तो अमेरिकेच्या अध्यक्षपदाला निक्सनविरुद्ध उभ्या असलेल्या मॅकगव्हर्नच्या कॅम्पेनमागे वणवण फिरला, डेडलाईन अगदी डोक्यावर आली की फॅक्ससारख्या मशीनवरून एकेक पान पाठवायचा, आणि बाकीचे रिपोर्टर कॅम्पेनच्या बसमध्ये एकमेकांचं बघून लिहीत होते तेव्हा हा पठ्ठ्या तेव्हाच्या अध्यक्ष निक्सनबद्दल जे वाटतं ते सरळ शिव्या घालून लिहायचा. मॅकगव्हर्नच्याच पक्षातला दुसरा इच्छुक उमेदवार मस्की इबोगेन नावाचं ड्रग घेतो ही अफवा त्यानेच पिकवली आणि छापली, ते चूकच, काहींना खरं वाटलं ना ते! पण मॅकगव्हर्नचाच माणूस फ्रँक मँकिविझ म्हणाला, तथ्यं सगळ्यात कमी, पण त्या कॅम्पेनचं सगळ्यात अचूक वर्णन थॉम्पसनचंच.