मदत हवी आहे: निकेल-झिंक फेराइटमधला ३३ अंशांवरचा पीक जात नाही

एमएस्सी_दर्यापूर
निकेल-झिंक फेराइट (लोखंडाच्या ऑक्साइडचं चुंबकीय संयुग) केलंय, निकेल ०.५, झिंक ०.५. ६०० अंश सेल्सियसला भाजलं. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक तपासतात त्या आलेखात) ३०, ३५.४, ४३, ५७, ६२.६ अंशांवरचे सगळे पीक (टोकं) जागच्या जागी. पण ३३.१ ला एक आगाऊ पीक येतो, २४ लाही बारीकसा उंचवटा आहे. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पुढच्या आठवड्यात नमुना व्हीएसएमला (चुंबकत्व मोजायच्या यंत्रावर) पाठवायचाय. पीक कसा घालवू? लवकर सांगा, गावात नेट टिकत नाही.

भट्टीवाला
हेमाटाइट, म्हणजे नुसतं लोखंडाचं ऑक्साइड आहे तो. ६०० कमीच पडतं. ९०० ला ठेव, जाईल. माझ्या कोबाल्ट फेराइटमधला असाच गेला होता.

नागपूर_लॅब
आधी पद्धत तर कळू द्या. सोल-जेल (द्रावणाचं जेल करून भाजणं), सॉलिड स्टेट (कोरड्या पावडरी मिसळून भाजणं) की को-प्रेसिपिटेशन (द्रावणातून सगळे धातू एकत्र खाली बसवणं)? फेरिक नायट्रेटचं रेणूवजन काय धरलं? बाटलीत पाण्याचे नऊ रेणू असलेलं असतं, म्हणजे ४०४. काही मुलं बिनपाण्याचं २४२ धरून मोकळी होतात.

एमएस्सी_दर्यापूर
४०४च धरलंय, एवढं येतं मला. पद्धत नेहमीचीच.

नागपूर_लॅब
कोणाची नेहमीची?

भट्टीवाला
पद्धत कोणती का असेना, भट्टी बरोबर हवी.

निवृत्त_मास्तर
मुळात रचना डोक्यात बसली की असे प्रश्न पडत नाहीत. एका युनिट सेलमध्ये, म्हणजे स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या एका घरात, ३२ ऑक्सिजन. चौफलकी (चार ऑक्सिजनांमधल्या) जागा ६४, भरतात फक्त ८. अष्टफलकी (सहा ऑक्सिजनांमधल्या) ३२, भरतात १६. झिंकला चौफलकी म्हणजे ए जागा आवडते, निकेल अष्टफलकी म्हणजे बी जागेवर बसतो. ए आणि बी जागांचं चुंबकत्व एकमेकांच्या विरुद्ध दिशेला, हे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नील यांनी १९४८ साली मांडलं. १९७० साली त्यांना नोबेल मिळालं. आता गंमत बघा, झिंकला स्वतःचं चुंबकत्व शून्य, तरी तो घातला की फेराइटचं वाढतं! कारण तो ए जागेवरच्या लोखंडाला बी कडे ढकलतो, ए दुबळी होते आणि वजाबाकी मोठी येते. झिंक साधारण निम्मं होईपर्यंत हे चालतं, पुढं बी जागेवरचे स्पिन (अणूंच्या चुंबकत्वाच्या दिशा) तिरके व्हायला लागतात.

एमएस्सी_दर्यापूर
सर, हे सगळं थेअरीच्या प्रकरणात लिहून झालंय. पीकचं काय?

खारपाणपट्टा
राजेहो, मधातच इचारतो. आमच्या बोरचं पानी खारं हाय. एक जन म्हने पाइपाले फेराइटचं चुंबक लाव, खारेपना जाते. खरं हाय का?

नागपूर_लॅब
नाही दादा. पाण्यात विरघळलेलं मीठ चुंबकानं निघत नाही, पैसे घालवू नका. आणि ते चुंबक बेरियम नाहीतर स्ट्रॉन्शियमचं हेक्साफेराइट असतं. या ताईचं स्पिनेल रचनेचं फेराइट मऊ चुंबकीय (चुंबकत्व सहज येतं-जातं), कॉइलच्या गाभ्यात वापरतात ते.

खारपाणपट्टा
पैसे तं देऊन बसलो बाप्पा.

केमिस्ट्रीवाली
ताई, को-प्रेसिपिटेशन असेल तर दोनच प्रश्न. पीएच कशानं वाढवला? गाळल्यावर खाली आलेलं पाणी कोणत्या रंगाचं होतं?

एमएस्सी_दर्यापूर
को-प्रेसिपिटेशनच. लॅबमधल्या कास्टिक सोड्याच्या गोळ्यांचा पावसात चिखल झाला होता, म्हणून सरांनी अमोनिया वापरायला सांगितलं. पाणी निळसर होतं. त्याचा काय संबंध?

केमिस्ट्रीवाली
सगळा संबंध तिथंच आहे. निळं पाणी म्हणजे तुझा निकेल. जास्तीच्या अमोनियात निकेल आणि झिंक दोघंही अमोनियाशी जोडले जाऊन (संकुल होऊन) विरघळतात, लोखंड मात्र पूर्ण खाली बसतं. तू धुतलंस तेव्हा निकेल-झिंक बेसिनमध्ये गेले. मागं उरलेलं जास्तीचं लोखंड हेमाटाइट होणार नाही तर काय? ते पाणी अजून असेल तर थोडं परीक्षानळीत घे, डीएमजी (निकेल ओळखायचं रसायन) टाक. लाल साका (गाळ) आला की खात्री. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला केलेलं असणार.

भट्टीवाला
९०० ला नेलं तर उरलेलं लोखंडही आत शिरेल.

केमिस्ट्रीवाली
शिरायला जोडीदार कुठून आणणार? निकेल-झिंकच नाहीत. तापवशील तसा ३३ चा पीक उलट टोकदार होईल.

एमएस्सी_दर्यापूर
डीएमजी टाकलं. लालभडक. म्हणजे दोन्ही बॅच गेल्या. हीच पावडर व्हीएसएमला पाठवली तर चालेल का? नवीन करायला वेळ नाही.

नागपूर_लॅब
पाठवू नको. हेमाटाइटचं चुंबकत्व नगण्य, पण वजनात तो मोजला जातो, त्यामुळे दर ग्रॅमला इमयू (चुंबकत्वाचं माप) कमीच दिसणार. शिवाय फेराइटमध्ये निकेल-झिंक नेमके किती राहिले तेच माहीत नाही, मग ०.५ लिहून ए-बी वाटणी काय मांडणार?

केमिस्ट्रीवाली
कास्टिकची नवी, घट्ट झाकणाची बाटली माग. पीएच १० ते ११ मध्ये ठेव. फार वर गेलीस तर झिंक पुन्हा विरघळायला लागेल. गरम करत ढवळ, सोडियम निघेपर्यंत धू. कास्टिक मिळालंच नाही तर सायट्रिक ॲसिड घालून सोल-जेल कर. त्यात गाळायचंच नसतं, म्हणून अमोनिया चालतो. पेटतं मात्र जोरात, मोठा बीकर घे.

भट्टीवाला
आणि मग ९०० ला भाज.