आरएसीचं व्होटिंग: एक एलयूएन पुरे की तीन हव्यात?

रात्रपाळी_डीबीए
दोन नोडच्या (सर्व्हरच्या) ओरॅकल आरएसीसाठी, म्हणजे एकच डेटाबेस अनेक सर्व्हरवरून चालवणाऱ्या क्लस्टरसाठी, स्टोरेज मागायला गेलं की दर वेळी हाच वाद होतो. माझं मत असं: डेटा आणि एफआरए (बॅकअप व लॉगची जागा) हे डिस्कग्रुप (डिस्कचे गट) खुशाल एक्स्टर्नल रिडंडन्सीवर ठेवा, म्हणजे जादा प्रतींचं काम ॲरेवर (स्टोरेजच्या यंत्रावर) सोडा; ॲरेत रेड (डिस्क बिघडली तरी डेटा वाचवणारी रचना) आहेच. पण ओसीआर (क्लस्टरच्या रचनेची नोंदवही) आणि व्होटिंग (कोणते नोड जिवंत आहेत ते ठरवणाऱ्या फाइल) यांसाठी वेगळा डिस्कग्रुप, नॉर्मल रिडंडन्सी (प्रती ओरॅकलच ठेवतो) आणि तीन छोट्या एलयूएन (ॲरेने सर्व्हरला डिस्क म्हणून दिलेले तुकडे) हव्यातच. एक्स्टर्नलमध्ये व्होटिंग फाइल एकच असते, नॉर्मलमध्ये तीन, हायमध्ये पाच. नोडला त्यातल्या निम्म्याहून जास्त दिसाव्या लागतात. तीनातली एक गेली तर क्लस्टर चालू राहतो. एकच असली आणि तीच गेली, तर सगळे नोड खाली.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका ग्राहकाकडे जुना टेस्ट सर्व्हर काढून टाकताना एलयूएनचा नंबर चुकला आणि भलत्याच एलयूएनचं मॅपिंग (सर्व्हरशी असलेली जोडणी) निघालं. ५ जीबीची एवढीशी एलयूएन, तीच नेमकी व्होटिंगची. डेटाच्या सगळ्या एलयूएन ठणठणीत, तरी डेटाबेस बंद. रेड तिथे काय करणार?

सॅनवाला
स्टोरेजच्या बाजूने बोलतो. तिन्ही एलयूएन तुम्ही एकाच ॲरेच्या एकाच पूलमधून मागता. ॲरे गेला की तिन्ही जाणार, मग मिळवलं काय? वर प्रत्येक क्लस्टरमागे तीन जास्तीच्या एलयूएन, तेवढंच झोनिंग-मॅपिंग (कोणत्या सर्व्हरला काय दिसेल ते) सांभाळायचं. जितक्या एलयूएन जास्त, तितकी चुकीची एलयूएन निघण्याची शक्यता जास्त. आणि डेटाचीच एलयूएन चुकून निघाली तर? डिस्कग्रुप डिसमाउंट होणार. तेव्हा तुमची तीन मतं (व्होटिंग फाइल) कामाला येणार नाहीत.

रात्रपाळी_डीबीए
डेटाची एलयूएन निघाली तर त्या डिस्कग्रुपवरचे डेटाबेस जातील, मान्य. पण क्लस्टर उभा असेल, बाकीचे डेटाबेस चालू राहतील आणि रिस्टोअर उभ्या क्लस्टरवर करता येईल. व्होटिंग गेलं की आधी एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये (एकाच नोडवर) क्लस्टरवेअर, म्हणजे क्लस्टर चालवणारं सॉफ्टवेअर, उठवा, मग व्होटिंग नव्या डिस्कग्रुपवर हलवा. ओसीआरही त्याच एलयूएनवर असेल, तर दर चार तासांनी होणारा त्याचा आपोआप बॅकअप कुठे पडलाय ते शोधा. रात्री दोन वाजता, ग्राहक फोनवर असताना हे करून पाहा. तीन एलयूएनची किंमत त्यापुढे काहीच नाही.

दोन_साइट
सॅनवाला यांचा ॲरेचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. आमच्याकडे दोन इमारतींत दोन ॲरे आहेत. तीन मतं दोन ॲरेंत वाटली की एकीकडे दोन येणारच, आणि तोच ॲरे गेला तर दुसरी इमारत धडधाकट असून क्लस्टर पडतो. म्हणून तिसरं मत तिसऱ्या जागी, साध्या एनएफएस सर्व्हरवर (नेटवर्कवरून फाइल देणाऱ्या), क्वोरम फेल्युअर ग्रुप (फक्त मत ठेवणारा गट) म्हणून ठेवलं. तिथे डेटा नसतो, त्यामुळे महागडं स्टोरेज लागत नाही.

सॅनवाला
दोन ॲरे असतील तर माझा विरोध नाही. एका ॲरेवर मात्र मी अजूनही म्हणेन, आधी डिस्कची नावं नीट करा. मी पाहिलेल्या बहुतेक भानगडी तिथल्याच. कुणीतरी थेट एसडीबी, एसडीसी ही लिनक्सने दिलेली नावं वापरतो, रीबूटनंतर क्रम बदलतो आणि दोन नोडवर एकाच नावाखाली वेगवेगळ्या डिस्क दिसतात. मग रिकामी समजून कुणी भलत्याच डिस्कवर पीव्हीक्रिएट (डिस्क दुसऱ्या वापरासाठी तयार करणारी आज्ञा) मारतो. डब्ल्यूडब्ल्यूआयडीवरून (डिस्कचा न बदलणारा ओळखक्रमांक) मल्टिपाथचं (एकाच डिस्कचे अनेक मार्ग एकत्र दाखवणारी सोय) टोपणनाव द्या, यूडेव्हच्या (लिनक्समध्ये डिस्कची नावं, परवानग्या ठरवणारी यंत्रणा) नियमात मालक ग्रिड, ग्रुप एएसएमअ‍ॅडमिन, परवानगी ६६०, आणि दोन्ही नोडवर तेच नाव. एवढं केलंत तर एका एलयूएनवरही मी निर्धास्त झोपेन.

रात्रपाळी_डीबीए
नावांबाबत शंभर टक्के सहमत, आमच्या टोपणनावात आता क्लस्टरचं नाव आणि 'व्होट' हा शब्द दोन्ही असतात. पण त्या दिवशी चूक ॲरेवर झाली होती आणि यूडेव्हचे नियम ॲरेवर नसतात. पुढच्या मागणीत मी तीनच लिहिणार. तुमच्याकडून एकच विनंती: त्या तिन्हींच्या नावात ॲरेवरही 'व्होट' घाला.

सॅनवाला
ते उद्याच करतो.